घाटाच्या गोळ्या

अण्णा, तुम्हाला जाऊन पन्नासावर वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता पुष्कळ म्हातारी आहे, तेव्हा थोडं मोठेपणाने बोलले तर वाईट वाटून घेऊ नका. परवा नातू आला होता. डॉक्टर आहे, शहरात असतो. जेवता जेवता सांगत होता की शरीरसंबंधातून जे आजार होतात ते मुळात होऊच नयेत म्हणून हल्ली काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच गोळ्या देतात. पण आधी तपासण्या करतात, जोडीदाराचीही विचारपूस करतात. लाजबीज काही नाही, भाकरीला तूप लावावं तसं सगळं सहज. मग मला म्हणाला, "आजी, तू एवढी वर्षं नर्स होतीस, तुमच्या काळी असं काही होतं का गं?" मी म्हटलं, "भाजी घे." त्याने भाजी घेतली. रात्रभर मात्र तुमचीच आठवण येत राहिली, आणि प्रेमाने येत होती असं काही मी म्हणणार नाही.

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. गावातली मोठी माणसं काय बोलत होती ते माझ्या ध्यानात नाही. दवाखान्याची पाटी बदलली आणि औषधं ठाण्याहून आणायची झाली, एवढं मात्र पक्कं आठवतं. तुम्ही कंपाउंडर, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी यादी घेऊन जाणं तुमच्याकडे आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब. एका दिवसाच्या कामाला तुम्हाला तिकडे तीन-तीन रात्री लागत. निघायची सकाळ माझ्या डोळ्यांपुढे अजून जशीच्या तशी आहे. आई चुलीपुढे बसली आहे, नागलीच्या भाकऱ्या फडक्यात बांधते आहे. भाकऱ्यांशेजारी पितळेची वाटी, वाटीत दोन पांढऱ्या गोळ्या, जाड, मधोमध रेघ असलेल्या. गोळ्या तुमच्या बाटलीतून काढून वाटीत ठेवायचं काम आईचंच. तुम्ही धोतराचा सोगा सावरत येता, उभ्या उभ्या गोळ्या तोंडात टाकता, वर तांब्याभर पाणी पिता. मी विचारते, कशाच्या गोळ्या? तुम्ही माझ्याकडे न बघता सांगता, "घाटाच्या. मोटारीत पोटात ढवळू नये म्हणून."

आम्ही विश्वास ठेवला. न ठेवायला काय झालं होतं? जव्हारचा घाट उतरताना निम्मी मोटार ओकायची, आणि तुम्ही एकटे कसे ताजेतवाने उतरता हे ड्रायव्हरसुद्धा येऊन सांगायचा. आईला त्याचा केवढा अभिमान! ती मोखाड्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची, शाळेचं तोंड न पाहिलेली. नवरा औषधं जाणतो हीच तिची श्रीमंती. मग शेजारपाजारची कुणी बाई माहेरी जायला मोटारीत बसणार असली की आई तुमच्या बाटलीतली एक गोळी तिला पदराआडून द्यायची. "खा गं निवांत. ह्यांना बघ, कंदी गाडी लागली नाय." बायका खायच्या, आणि न ओकता पोचल्या तर परत येऊन सांगायच्या. एकदा मास्तरांच्या बायकोने हे तुमच्यासमोरच सांगितलं. त्या संध्याकाळी तुम्ही आईवर जसे ओरडलात, तसे मी तुम्हाला आधी किंवा नंतर कधी ओरडताना पाहिलं नाही. "सरकारी माल आहे तो! कुणाच्या घशाखाली घालायचा नाही!" मला वाटलं, अण्णा किती सचोटीचे.

पण गंमत बघा, अण्णा. आईने सगळ्या आळीला गोळ्या खाऊ घातल्या, स्वतः मात्र एकही कधी खाल्ली नाही. तिला गरजच नव्हती. ती आयुष्यात मोटारीत बसली नाही. माहेरी जायची ती पायी, डोक्यावर गाठोडं आणि पुढ्यात मी. घाट उतरायचाच नाही तर घाटाची गोळी कशाला?

माझ्यानंतरची दोन मुलं मेलेलीच जन्मली. तिसरा नऊ दिवस जगला. त्याच्या हातापायांच्या तळव्यांची सालं निघत होती, नाक सारखं भरलेलं, दूध ओढता यायचं नाही. तुम्ही त्याला हातात घेऊन दाराच्या उजेडात नेलंत, तळवे उलटून पाहिलेत आणि परत आईच्या कुशीत ठेवलंत. पुढे चाळीस वर्षं मी बाळंतिणींच्या खोलीत काढली, तसे तळवे तिथेही पाहिले, आणि ते पाहून जाणत्या माणसाला काय कळतं ते मला ठाऊक आहे. आई म्हणायची, "गिरणात मी भाजी चिरली. तवाच सुईणबाई बोलली व्हती, इळीला हात लावू नको." ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून तीन लेकरं गेली, असं ती मरेपर्यंत धरून बसली. तुम्ही समोर बसून जेवत असायचात. "असू दे गं, दैवापुढे काय" एवढंसुद्धा तुमच्या तोंडून मी ऐकलं नाही. ठाण्याहून येताना तिच्यासाठी वासाचा साबण आणायचात तेवढा. ती तो वापरायची नाही, लुगड्यांच्या घडीत ठेवायची.

अठराव्या वर्षी मी नर्सिंग शिकायला निघाले. आख्ख्या नात्यात कुणाची पोरगी शिकायला बाहेर पडली नव्हती. तुम्ही पाठीशी उभे राहिलात, ते मी विसरलेले नाही. निघताना आईने तुमची नजर चुकवून चार गोळ्या माझ्या रुमालाच्या टोकाला बांधल्या. एक मी घाटात खाल्ली आणि तरी दोनदा ओकले. उरलेल्या तीन वसतिगृहाच्या झडतीत सिस्टरच्या हाती लागल्या. लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात काम केलेली करडी बाई. गोळीवरचे ठसे तिने चष्मा वर करून वाचले आणि दार लावून घेतलं. "हे पेनिसिलीन आहे. कुणी दिलं? काय कारणासाठी?" मी म्हटलं, गाडी लागू नये म्हणून. माझे वडील घाट उतरायच्या आधी दर वेळी दोन घेतात, असं मीच वर भोळेपणाने सांगितलं, आणि तुम्हीही लढाईत शिपायांच्या जखमा बांधणारे ड्रेसर होतात हेही मीच सांगितलं. तेव्हा ती खुर्चीत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, सुट्टीवर सोडायच्या आधी शिपायांना आम्ही अशाच गोळ्या द्यायचो. बाहेरच्या बायकांकडून रोग घेऊन येऊ नयेत म्हणून, हेही तिने सांगितलं. मी रडले नाही. मला काही वाटलंच नाही. हातपाय आपले नसावेत तसं झालं, आणि खरं सांगायचं तर ते पुरतं गेलं असं आजही म्हणता येणार नाही.

सिस्टरने मला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आईची तीन बाळं गेल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "दोन गोळ्यांनी काय होतंय? रोग वरून दबतो, आत तसाच राहतो. आईचं रक्त आण." दिवाळीत मी आईचं रक्त काढलं. अंगात रक्त कमी आहे का ते बघते, म्हटलं. चिठ्ठी आली ती गरमीची, म्हणजे सिफिलिसची. नंतर डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं लिहून दिली, दहा आईला, दहा तुम्हाला, रोज एक, आणि दोघांना एकाच वेळी, नाहीतर एकाचं दुसऱ्याला होतच राहणार. एवढ्या वर्षांत मी स्वतःला एकच गोष्ट विचारत आले. त्या गोळ्या तुम्ही स्वतःला जपायला घेत होतात, की घरी येताना आईसाठी काही घेऊन येऊ नये म्हणून? दुसरं खरं असेल तर तशीच एक वाटी तिच्यापुढे ठेवायला तुमचा हात का झाला नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाटल्या घेऊन घरी आले. आईला म्हटलं, शक्तीची इंजेक्शनं आहेत. एका घरात खोटं बोलणारी आता दोन माणसं झाली. तुम्ही पिशवीतली एक बाटली उचललीत, लेबल वाचलंत, मग डॉक्टरीणबाईंच्या दोन चिठ्ठ्यांतली दुसरी वाचलीत, तिच्यावर तुमचं नाव होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तुम्ही स्टोव्ह पेटवून सिरिंज उकळत ठेवली होती. दहाही दिवस तुम्ही माझ्या आधी उठून ती उकळलीत. आईला मी टोचायचे. आई सगळ्यांना सांगत सुटली, "लेक शिकली म्हणून माजं पोट दुखायचं थांबलं. ह्यांना काय कळत नव्हतं." तुम्ही ओटीवर बसून ते ऐकायचात आणि सुपारी कातरायचात.

तुमचं तुम्ही टोचून घ्यायचात, आतल्या खोलीत, दार लोटून. हे पत्र टाकायला पेटी नाही आणि नातवाला वाचायला द्यायचं धाडस नाही, म्हणून इथेच सांगून टाकते. चौथ्या दिवशी सुई अडली. ते औषध घट्ट, सुई तुंबते. मांडीत दोनदा घुसवली तरी उतरेना. दाराच्या फटीतून मला धोतरावरचं रक्त दिसत होतं. तुम्ही हाक मारलीत, "बाय, जरा येतेस का? माझ्याच्याने होत नाही." लहानपणी ताप आला की मला मांडीवर घेऊन म्हणायचात, त्याच आवाजात म्हणालात "बाय". मी म्हटलं, "मला बाहेर जायचंय, उशीर होतोय." मग ओटीच्या पायरीवर जाऊन बसले आणि आत तुम्ही तिसऱ्यांदा सुई टोचलीत तेव्हाचा तुमचा आवाज ऐकला. मला कुठेही जायचं नव्हतं, अण्णा.