मिरीचा शांत रस्ता

सर,

परवा माझ्या नातीचा फोन आला. मैत्रिणींबरोबर ती सायकलनं पैठणला निघाली आहे. जाताना मोठ्या रस्त्यानं जातील, पण येताना ट्रक नकोत, गर्दी नको, काहीतरी बघण्यासारखं हवं. "आजोबा, तुम्ही त्या भागातले. शांत रस्ता सांगा ना." मी एका दमात सांगून टाकलं की शेवगाव सोडलं की मिरीच्या फाट्याला वळा, डाव्या हाताला लांबपर्यंत डोंगर दिसत राहतो. ती खूश झाली. मी फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. हेच उत्तर, जवळजवळ याच शब्दांत, मी तुम्हाला दिलं होतं. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊनही आता एक पिढी लोटली. तरी म्हटलं, एकदा लिहून काढावं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तोंडानं बोलायचं ते मी नेहमी कागदावर ढकलतो.

बहात्तरच्या दुष्काळातला तो हिवाळा. मी अकरावीत होतो, नगरच्या बोर्डिंगात राहत होतो. तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचा आणि वर्षातून एकदा दहा-बारा पोरांना सायकलवर घालून चार दिवस कुठंतरी न्यायचा. त्या वर्षी हेडमास्तर म्हणाले होते, अशा दिवसांत सहल कसली काढता? त्यावर तुम्ही म्हणालात, "भूगोल अशाच दिवसांत दिसतो, साहेब." पैठणला धरण बांधायचं काम चाललं होतं, ते तुम्हाला आम्हाला दाखवायचं होतं. तुमच्या सहलीची रीत सगळ्या शाळेला पाठ होती. जायचा रस्ता तुम्ही ठरवायचा, यायचा रस्ता पोरांपैकी एकानं. गेल्या रस्त्यानं परत यायचं नाही. आणि ज्यानं परतीचा रस्ता निवडला त्याचं घर त्या बाजूला असायचं, त्याच्या घरी सगळ्यांनी दुपारची भाकरी खायची. पक्वान्न केलेलं तुम्हाला चालत नसे. पिठलं, भाकरी, कांदा, बस्स. मागच्या साली राहुरीकडच्या एका पोराच्या आईनं हौसेनं पुरणपोळी केली, तर तुम्ही दोन खाल्ल्या आणि वर तिलाच भाषण दिलं.

तुमच्या खोलीतला तो स्टोव्ह मला अजून दिसतो. तुम्ही एकटे राहायचा, चहा स्वतः करायचा आणि तो इतका कडू व्हायचा की आम्ही डोळे मिटून प्यायचो. तुम्ही जमिनीवर नकाशा पसरता, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवता आणि माझ्याकडे बघता. "यंदा तुझी पाळी. जाताना नेवाशावरून जाऊ. येताना रस्ता तुझा, म्हणजे शेवगाव, तिसगाव, करंजीचा घाट. तुझं गाव तिसगावच्या अलीकडेच ना? आईला पत्र टाक."

मी आधीच घोकून आलो होतो. म्हटलं, "सर, त्या रस्त्याला लई ट्रक असतात. त्यापेक्षा मिरीकडून येऊ. कच्चा आहे पण शांत आहे. डोंगराची रांग दिसते, चिंचेची झाडं आहेत, मोर दिसतात." तुम्ही नकाशावर बोट फिरवलं. "पुढे पांढरीच्या पुलाला निघतो हा. म्हणजे शेवटचे पंधरा-सोळा मैल गेल्या रस्त्यानंच." मग तुम्ही वर बघितलंत. "तू गेलायस या रस्त्यानं?" "हो सर." लहानपणी एकदा बैलगाडीत झोपून गेलो होतो, तेवढंच माझं जाणं. मग तुम्ही विचारलंत, "आणि भाकरी?" त्याचंही उत्तर तयार होतं. "घरी कुणी नाही, सर. आई-वडील आजोळी गेलेत. मामाच्या मुलीचं लग्न आहे."

तुम्ही चहाचा घोट घेतला आणि म्हणालात, "बरं. मिरीकडून येऊ."

आता खरं सांगतो. त्या साली आमच्या विहिरीत खाली नुसता खडक उरला होता. वडील बैल घेऊन गुरांच्या छावणीवर राहायला गेले होते आणि आई तिसगावच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जात होती, खडी फोडायला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "सगळं गावच जातंय की. पाटलाच्या सुनासुदा बसत्यात माझ्या शेजारी," असं ती म्हणाली आणि हसली. लाज मला वाटत होती. बोर्डिंगात माझी बारा एकरवाला म्हणून थोडी ऐट होती. सहलीला येणारी पोरं बहुतेक व्यापाऱ्यांची, वकिलांची. त्या रस्त्यानं आलो असतो तर खडीच्या ढिगाऱ्यांमधून सायकली हातात धरून जावं लागलं असतं आणि शे-दोनशे बायांमधून माझी आई उठून म्हणाली असती, "आला का रं?" तेवढं टाळण्यासाठी मी डोंगर, चिंचा आणि मोर गोळा केले.

सहल चांगली झाली. पैठणचं मी फार सांगत नाही, धरणावर माणसांची रीघ होती आणि तुम्ही टोपी हलवून हलवून बोलत होता, एवढं आठवतं. परतीला आपण शेवगावच्या शाळेत मुक्काम केला. सकाळी निघालो, फाट्यावर आलो आणि तुम्ही सायकल थांबवली. "माझी चेन सारखी उतरतेय. तिसगावला दुकान आहे, तिथं बघून मी डांबरीनं येतो. तू यांना घेऊन जा. रस्ता तुझा आहे, पोरं तुझ्या हवाली. संध्याकाळी शाळेत भेटू." मला संशय यायला हवा होता. तुम्ही रोज सकाळी दात घासायच्या आधी चेनला तेल घालणारे. पण मला फक्त एवढंच वाटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मिरीचा रस्ता मला माहीत नसल्याचं उघडं पडणार नाही. आईला तुम्ही कधी बघितलं नव्हतं, म्हणून तिकडची धास्ती वाटली नाही. सुटलो, असं वाटलं.

रस्ता खरंच शांत होता. कच्चा, पण सपाट. डोंगर होता, चिंचा होत्या. मोर काही दिसला नाही. पोरं गाणी म्हणत चालली होती आणि मधूनमधून माझी पाठ थोपटत होती, काय झकास रस्ता काढलास म्हणून. दोन गावं गेली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. कुत्रं भुंकत नव्हतं. गोठे रिकामे, दारांना कड्या. पाणी मागायला एका गावात थांबलो तर लिंबाखाली एक म्हातारा तेवढा बसलेला. त्यानं घागरीतून आम्हाला मोजून एकेक तांब्या दिला आणि विचारलं, "कुठं निघाले रं पोरांनो?"

"सहलीला, बाबा. पैठणहून आलो, नगरला चाललोय."

"आन् ह्या रस्त्यानं? हिकडं काय बघायचं?"

एक पोरगा म्हणाला, "रस्ता शांत आहे म्हणून."

म्हातारा म्हणाला, "शांत तर हाईच. मानसं ऱ्हायलीत कुठं? समदी खडीवर गेल्यात." मग त्यानं घागरीवर झाकण ठेवलं. पोरं पुढं निघाली. मी सगळ्यांत शेवटी निघालो आणि नगर येईपर्यंत शेवटीच राहिलो.

तुम्ही आमच्या आधी शाळेत पोचला होता. मैदानात पायरीवर बसून बुटांवरची पांढरी धूळ झटकत होता. "कसा होता रस्ता?" पोरं एका सुरात ओरडली, मस्त! तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंत की निवड चांगली होती, रस्ता शांत आणि बघण्यासारखा होता. मला तेव्हा ते कौतुक वाटलं. मी ते घेतलं आणि बरीच वर्षं बाळगलं. पौष चालू होता आणि पौषात कुणी लग्न करत नाही, हे माझ्या डोक्यात आलं ते कॉलेजात गेल्यावर. खेड्यातला पोरगा, आणि थाप मारायची तर पौषातल्या लग्नाची! तुम्हाला तर त्याच क्षणी कळलं असणार.

पण बाकीचं मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमची बातमी घेऊन मी गावी गेलो. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "लई मोठा मानूस. माझ्या हातची सुकडी खाल्ली हुती त्यांनी." सुकडी म्हणजे कामावर मजुरांना वाटत ती गोड, कोरडी पिठाची भरड. मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तुम्ही सायकल हातात धरून खडीच्या रांगेतून माझ्या नावानं, अमक्याची आई कोण म्हणून विचारत आला होता. ती उठली आणि हात पाठीमागं लपवले. तुम्ही सरळ तिच्या शेजारी खडीवर बसलात.

"म्हनले, आमची रीत हाय, परतीची भाकरी पोराच्या घरी खायची. मी म्हनलं, गुरुजी, भाकर आज सरली, सुकडी हाय. तर म्हनले, चालंल. पार चाटूनपुसून खाल्ली. मंग माझा हातोडा घेतला आन् मुकादम वरडस्तोवर खडी फोडत बसले. एक दगड धड फुटला न्हाई." ती हसली. "मी ईचारलं, बाकीची पोरं कुठंत? म्हनले, ती मिरीच्या रस्त्यानं गेली, तुमच्या पोरानं तो रस्ता निवडला, लई शांत हाय. मंग मला समजलं."

काय समजलं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही तिला एवढंच म्हणाला होता की मी आलो होतो हे पोराला बोलू नका. ती वीस-बावीस वर्षं बोलली नाही. त्या सगळ्या वर्षांत मी सुट्टीला येत होतो, तिच्या ताटात जेवत होतो, तिच्यासाठी लुगडी आणत होतो आणि तिला माहीत होतं की आपण कुणाला दिसू नये म्हणून आपल्या पोरानं रस्ता बदलला.

सर, मला तुमचा राग येतो. वर्गात चार पोरांसमोर माझा कान पिरगाळला असतात तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेलो असतो. तुम्ही माझी अब्रू सगळ्यांपासून राखलीत आणि जिच्यापासून राखायला हवी होती तिच्याकडे नेऊन ठेवलीत. तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मला कळतं. माझ्यामुळे रीत मोडू नये आणि तिच्या दारातून माणूस उपाशी जाऊ नये, एवढंच तुम्ही बघितलंत. तरी राग येतो. आणि तुमच्यासारखं माझ्या घरी जेवायला कुणी कधी आलं नाही, हेही तितकंच खरं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो जी बायकोलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर आईनं पुन्हा सूप हातात घेतलं आणि खाली मान घालूनच विचारलं, "मिरीकडनं का रं गेल्ता तुमी?" तिनं मला वाट करून दिली होती. मी चाळिशीचा होतो, दोन मुलांचा बाप होतो, तुम्ही गेला होता, आता कुणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं. मी म्हणालो, "आई, तिकडनं डोंगर दिसतो."

ती म्हणाली, "व्हय, दिसतो." आणि तांदूळ निवडत राहिली.