गोटा पाहून घाबरू नये

दादा,

घरात कोणी गेलेलं नाही. आंजर्ल्याला आई-आबा ठणठणीत आहेत. समोरच्या गोदाकाकू माझं भादरलेलं डोकं पाहून डोळे पुसत पिठलं-भात ठेवून गेल्या. तो गरम आहे तोवर जेवून घे. खुलासा पातेलं परत देताना करू.

काल बाईंनी पमीला उवांसकट शाळेतून घरी पाठवलं आणि आज तुझ्या सांगण्यावरून न्हावी तिचे केस उतरवायला आला. तुझी लेक माळ्यावर चढून बसली, उतरेचना. वहिनी बाळंतपणाला चिपळूणला निघाल्या तेव्हा तिने त्यांना सांगितलंय, "तू बाळ घेऊन ये, मी दोन वेण्या वाढवून ठेवते." वहिनी त्यांचं काम करताहेत, हिचं आपण कसं मोडायचं?

न्हावी मात्र हटेना. म्हणाला, "भाऊसाहेबांनी एक डोकं सांगितलंय, केल्याशिवाय जायचा नाही." म्हणून मी पाटावर बसलो.

पमीला घेऊन शेजारी खतिजाभाभींकडे जातोय. त्यांच्या कुलसुमच्या डोक्यातही हीच मंडळी आहेत. भाभी म्हणाल्या, "दोघींना एकदमच बसव रे, नायतर इकडच्या तिकडे जातील." त्यांच्याकडे करंजेल आहे, बारीक फणी आहे आणि रडलं तर धपाटाही आहे. रोज विंचरलं तर केस वाचतील.

तू पमीच्या उशीचा अभ्रा तेवढा उकळत टाक.

न्हावी उद्या पुन्हा विचारायला येणार आहे. त्याला तूच नको म्हण. नाही जमलं, तर पाट मोरीशेजारी ठेवलाय, तू बस. माझं डोकं संपलं.

वामन