त्रीनू आधीच आत आहे

३ नोव्हेंबर, टॅलिन, एस्टोनिया
मिळाली एकदाची नोकरी! फाटकावरचे उर्मासकाका माझं कार्ड पाहून म्हणाले, “त्रीनू होय? एवढीशी पोर, आणि इतक्या देशांच्या फौजांची गुपितं राखणार?” मी म्हटलं, राखीन की. काम सरळ आहे. दोस्त सैन्यांचे संदेश संगणकांच्या ज्या जाळ्यातून जातात, त्यात कुणी परका शिरत नाही ना, हे पाहायचं. शेजारी बेल्जियमचा योस्त बसतो, दिवसभर गुणगुणतो. माझ्या जागी आधी काल्यू होता. तो गेला म्हणाले. कुठे, ते मी विचारलं नाही.

११ नोव्हेंबर
चोर सापडला! काल्यूच्या नावाने कुणीतरी सैन्याच्या गाड्यांचे मार्ग उघडून पाहतंय. योस्तला दाखवलं, तर त्याचा चेहराच उतरला. काल्यू ऑगस्टमध्ये समुद्रात बुडाला, हे मला आज कळलं. मेलेल्याचं नाव पांघरणारा निलाजरा कोण? मी ते खातं मुळापासून पुसून टाकलं. योस्तने दालचिनीचा पाव खाऊ घातला.

१९ नोव्हेंबर
पुन्हा आला, पुसलेल्या त्याच नावाने. बाहेरून नाही, याच खोलीतून. माझ्या मागच्या टेबलावरून. तिथे संगणकच नाही. खुर्चीची गादी मात्र ओलीचिंब. बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट.

२६ नोव्हेंबर
योस्त म्हणतो, सोड हे, घरी जा. कशी जाऊ? त्या मार्गांवर माणसं आहेत. कुणी दबा धरला तर हकनाक मरतील. मी सगळ्या वाटा बंद केल्या. आता ते जाळं फक्त माझ्याच कार्डाने उघडेल.

२ डिसेंबर
फाटक उघडेना. उर्मासकाका हसले, “अगं, सकाळीच तर आत गेलीस! नखशिखान्त निथळत होतीस.” मग माझ्या कोरड्या कोटाकडे पाहिलं, आणि हसू मावळलं.
योस्तला फोन लावला. तो कुजबुजला, तू तर माझ्या शेजारी बसलीयेस— काल्यूनेही अशीच जाळ्याची किल्ली स्वतःकडे ठेवली होती, त्यालाही फाटकावर असंच— मग नुसता पाण्याचा आवाज.

३ डिसेंबर
बँक, फोन, माझ्या खोलीचं कुलूप. सगळीकडे एकच उत्तर— त्रीनू आधीच आत आहे.

तार्तू. संध्याकाळ
आईकडे आले. आई दार उघडत नाही. आतून विचारते, कोण गं तू? माझी त्रीनू तर जेवायला बसलीय—
खिडकीतून पाहिलं. केसांतून पाणी गळतंय. आई तिच्या ताटात वाढते, पदार्थ संपले तरी वाढते, प्रेमाने तिचे केस पुस—
मी काचेवर हात आपटतेय. आई बघत नाही. ती बघते.
उठली. आईचा हात धरून दाराकडे, नाही, मागच्या दाराकडे, नदीच्या—
आई, तो हात सोड, ती मी