हॅरिस कुटुंबाला दाखवलेला भंडारा जिल्हा

३ सप्टेंबर १९७८, रविवार
रोज लिहायचं. निश्चय. एका पदवीधर मनात काय चालतं याची नोंद या घरात दुसरं कोण ठेवणार? माय अंगठा उठवते. सुखरामदादा सातवीत दोनदा नापास होऊन शेतीला लागला आणि ते चारचौघांत हसत सांगतो.
आमच्या हायस्कुलात इंग्लंडहून हॅरिस सर आले. शिक्षक-अदलाबदल योजना. तिकडचा एक मास्तर वर्षभर लाखनीत, आमचे डोंगरे सर वर्षभर तिकडे. सोबत मिसेस हॅरिस, मुलगा पीटर आणि छोटी ॲन. पुढच्या वर्षी पुन्हा इथून एक जण जाणार. हे ऐकून स्टाफरूममधल्या मंडळींनी फक्त चहा पुढे ओढला. महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच.
जाणार कोण हे मला कळलं आहे. बाकीच्यांना यथावकाश कळेल.

४ सप्टेंबर
मधल्या सुट्टीत हॅरिस सरांना 'भारताचा आत्मा' इंग्रजीतून समजावून सांगितला. सर डोळे मिटून ऐकत होते. पाश्चात्त्यांची एकाग्रता.
त्यांनी नागपूरहून एक जुनी जीप घेतली आहे. सुट्ट्यांत सहकुटुंब जिल्हा बघायचा विचार आहे. मी मार्गदर्शनाची जबाबदारी स्वीकारली. सर काही तरी बोलणार होते, पण तोवर मी स्वीकारून झाले होते.
पी.टी.चे सोमाजी मास्तर दुपारी चारला सरांना 'गुड मॉर्निंग' म्हणाले. वर स्वतःच हसले. परदेशासाठी यांनीही नाव दिलंय म्हणे. तिकडे जाऊन काय, लेझीम शिकवणार?

१७ सप्टेंबर, रविवार
पवनी. वैनगंगेच्या काठी उभं राहून प्राचीन बौद्ध अवशेषांवर तासभर बोलले. नोट्स न बघता. नोट्स नव्हत्याच, ते माझ्या शैलीत बसत नाही.
मग सगळ्यांना टेकडीवर चढवलं आणि पायांखाली दोन हजार वर्षांचा इतिहास आहे असं सांगितलं. पीटर काडीने उकरू लागला. तेवढ्यात बेबीबाई नावाची एक बाई ओरडत आली. उतरा म्हणे, बाप्पा, माह्या खताच्या ढिगावर काहून नाचून राह्यले, पोरीले विंचू चावन! मग मला वेगळं बोलली. शिकल्यासारखी दिसते आन् उकिरडा समजत नाई काय वं?
स्थानिक लोकांना वारशाची जाणीव नाही. पवित्र जागी खत टाकतात आणि मग ढीग आपलाच समजतात. हॅरिस सरांना हे पटलेलं दिसलं. परतीच्या वाटेवर सगळे खूप वेळ हसत होते. जीपच्या खिडक्या मात्र त्यांनी उघड्याच ठेवल्या.

१८ सप्टेंबर
पुढच्या सहलीआधी जिल्ह्याचा इतिहास वाचून काढायचा. निश्चय. पण लायब्ररीच्या कपाटाची किल्ली हेडमास्तर भैय्याजींकडे असते आणि भैय्याजी दुपारी झोपतात. अशा वातावरणात विद्वत्ता कशी वाढणार?

२२ ऑक्टोबर, रविवार
आंबागड. किल्ला चांगला उंच आहे. पायथ्याशी गेल्यावर लक्षात आलं की टिफिनजवळ कोणी तरी जबाबदार माणूस हवा. ती जबाबदारी घेतली. चौघे वर गेले. खालून किल्ल्याचा समग्र आवाका कळतो, वर गेलेल्याला नुसते दगड दिसतात.
माकडांनी केळी नेली. पुऱ्याही. इतिहासाचा विचार करणाऱ्या माणसाचं माकडांकडे लक्ष राहत नाही. मिसेस हॅरिस म्हणाल्या, नो प्रॉब्लेम. पण त्या लोणच्याची बरणी बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या.

१३ नोव्हेंबर, सोमवार
काल आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. हॅरिस कुटुंबाला घरी आणण्याचं टाळत होते, पण सरांनी स्वतःच विचारलं. घराला आठवडाभर सूचना दिल्या. मायने मधे बोलायचं नाही. दादाने पाहुण्यांसमोर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा नाही. जेवण ब्रेड आणि ऑमलेट. ब्रेड लाखनीहून मीच आणला.
मायने ब्रेड गाईला घातला. पाहुण्यांना भात आणि तलावाच्या मासोळीचा रस्सा. चौघेही मांडी घालून हाताने जेवले. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी चमच्याने जेवले. मी एकटीच. माय सर्वांदेखत म्हणाली, पोरी, काटा गयात अटकन, हात लाव, हाताले का मेहंदी हाय तुया?
निघताना तर कळस. ॲनचे सँडल गायब. पाहुणा जाऊ नये म्हणून त्याची चप्पल लपवायची हा आमच्याकडचा रानटी प्रकार. माय विचारल्यावर म्हणते, मले का माहीत, कुत्र्यानं नेले असतीन. आणि पदरात तोंड लपवून हसते. मी लाजेने मेले. सरांना समजावलं की ही अविकसित समाजाची खूण आहे. सरांनी शांतपणे आपले बूटही काढून मायसमोर ठेवले. अख्खं अंगण हसलं. दोन दिवस राहिले! मी ठरवलेले कार्यक्रम एका दिवसाचेच होते. दुसऱ्या दिवशी ते दादासोबत तलावावर गेले.

१४ नोव्हेंबर
पाहुणे गेल्यावर मायला चप्पल-प्रथेवर व्याख्यान दिलं. व्यक्तिस्वातंत्र्य, वेळेचं मूल्य, वगैरे. ती तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, झालं काय तुयं? मंग तो सूप दे इकडे.

१५ जानेवारी १९७९, सोमवार
हॅरिस कुटुंब काल नागझिऱ्याचं जंगल बघायला गेलं. मला आधी सांगितलं नाही. मला त्रास नको, हा त्यांचा विचार. इंग्रज माणूस मूळचा संकोची. जीपमध्ये जागाही नव्हती.
सोमाजी मास्तर गेले होते. पण ते मागे, सामानाच्या जागेत बसले. त्याला जाणं म्हणत नाहीत. पीटरने आज शाळेत मला सांगितलं की सोमाजी हरणाचा आवाज काढतात. बरोबर. ज्याच्याकडे विचार नाही तो आवाज काढतो.

४ फेब्रुवारी, रविवार
शुभवार्ता. हॅरिस कुटुंब पुढच्या आठवड्यात नागपूरमार्गे पचमढीला जाणार आहे. पचमढीची माहिती मिळवली. थंड हवेचं ठिकाण आहे. माझी शाल धुऊन ठेवली.

८ फेब्रुवारी
पचमढीबाबत सर अजून काही बोलले नाहीत. संकोच. आज मीच आडून सुचवलं की मार्गदर्शकाविना प्रवास म्हणजे नुसता पेट्रोलचा धूर. सर म्हणाले की रविवारी रात्री तुमच्याकडेच मुक्काम करू, आईच्या हातचं जेवू आणि सोमवारी सकाळी निघू. सोमवारी अकराच्या आत नागपूरला काही तरी महत्त्वाचं काम आहे. मी काय काम ते विचारलं. ते फक्त हसले.
अर्थ स्पष्ट आहे. मला टाळून लवकर सटकायचं निमित्त. पाच महिने ज्यांच्यासाठी घसा फोडला ते लोक!

११ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
पाहुणे आले. माय चुलीपुढे, ॲन मायच्या मांडीवर, सर दादासोबत बैल बघत आहेत. माझ्याशी कोणी पचमढीचा 'प' काढत नाही.
खूप विचार केला. परंपरांचा सरसकट तिरस्कार हा एक प्रकारचा अडाणीपणाच. काही परंपरांत खोल मानवी मूल्य असतं. पाहुण्याला थांबवणं म्हणजे प्रेम. एक दिवस थांबले तर शांतपणे बोलता येईल, आणि मंगळवारी सगळे मिळून पचमढीला निघू. मात्र चप्पल हा बालिशपणा. सुशिक्षित माणसाने परंपरा सुधारून घ्यावी.
जीपची चाबी खुंटीवर होती. आतल्या खोलीतल्या धान साठवायच्या ढोलीत, धानाच्या अगदी वर ठेवली. हात घातला की हाती येईल अशी.

१२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी
सर उठले, आवरलं, चाबी नाही. सगळे मायकडे बघून हसू लागले. सरांना प्रथा माहीत आहे ना! माय म्हणते, माह्या पोराची आन, मी नाई घेतली. ती जितकी शपथ घेते तितके ते हसतात. ॲनने तर आपले सँडल आणून मायपुढे ठेवले. वातावरण फार छान. माझा अंदाज बरोबर ठरला.
नऊनंतर सर हसायचे थांबले. नागपूरची एस.टी. आठलाच गेली होती.
चाबी काढून देण्यासाठी आत गेले. ढोली पार वरपर्यंत भरलेली. दादाने काल जेवणाआधी अंगणातली उरलेली पोती त्यातच ओतली म्हणे. या घरात कामाला कसली शिस्तच नाही! खांद्यापर्यंत हात घातला. धान. नुसतं धान.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मी एक शक्यता मांडली. चाबी उंदराने नेली असावी आणि उंदीर बहुधा ढोलीत राहतो. दादा म्हणाला, काय वं, उंदराले जीप चालवाची हाय का? तरी मी शास्त्रीय शोधाचा आग्रह धरला. ढोली उपसली. अंगणभर धान, कोंबड्या आनंदात, अर्धं गाव मदतीला. चाबी निघाली तेव्हा दुपार कलली होती. टाळ्या वाजल्या. सर टाळ्या न वाजवता जीपकडे पळाले.
मायने माझ्या केसांतून धानाचे दाणे काढले. मग कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, शकुने, चप्पल लपवतेत वं, चप्पल. खरंच गरज असली त माणूस अनवाणी निंगते. चाबी कोन लपवते?
अशिक्षित बाईशी वाद घालत नाही.

१४ फेब्रुवारी
हॅरिस कुटुंब पचमढीला न जाता लाखनीला परतलं. मुलं रुसली आहेत.
सरांनी मला बाजूला बोलावलं. सोमवारी मुंबईहून योजनेचे अधिकारी नागपूरला आले होते. फक्त दुपारपर्यंत. पुढच्या वर्षी कोणाला पाठवावं हे सरांनी समक्ष सांगायचं होतं. आधी बोलायचं नाही असं बंधन होतं. सर माझं नाव सांगणार होते. म्हणाले, इतकी बोलणारी व्यक्ती तिकडे आमच्या शाळेत नाही, मुलांच्या कानावर इंग्रजीऐवजी भारत पडेल. सर पोचले तेव्हा अधिकारी स्टेशनवर गेले होते.
सर म्हणाले, आय ॲम सॉरी. त्या उंदराबद्दल सुद्धा काही तरी म्हणाले. मी मान हलवली.
घसा बसला आहे. आज तास घेतले नाहीत.

१६ फेब्रुवारी
सोमाजी मास्तर त्या सोमवारी नागपुरात होते. बहिणीकडे. आदल्या दिवशीच एस.टी.ने गेले आणि सकाळी सहज त्या ऑफिसकडे फिरकले. अधिकाऱ्यांनी दार उघडून विचारलं की लाखनीहून कोणी आलंय का? सोमाजी उभे राहिले. गुड मॉर्निंग म्हणाले. सकाळच होती.

५ मार्च, सोमवार
ऑर्डर आली. सोमाजी. भैय्याजींनी पेढे वाटले. मी एक उचलला. परदेश म्हणजे तरी काय, इथलेच लोक तिकडे जाऊन थंडीत राहतात. मला खेड्यातच काम करायचं होतं. मुळात तसंच ठरलं होतं, या रोजनिशीत लिहायचं राहून गेलं असेल.
माय म्हणाली, उपाशी नोको राहू, बाई. मासोळी केली हाय.
हाताने जेवले. काटा लागला नाही.

१८ जून
शाळा सुरू. सोमाजी मास्तर महिनाअखेर निघणार. त्यांचा पी.टी.चा तास वर्षभर कोणी घ्यायचा यावर भैय्याजी म्हणाले की शकुनबाईंचा आवाज सगळ्यात मोठा. स्टाफरूममध्ये एकमत झालं. या लोकांचं आजवर कशावर एकमत झालेलं नाही.
सोमाजींनी आपली शिटी माझ्या हातात दिली. म्हणाले, मॅडम, जोरात फुका, नाई त पोट्टे आयकत नाई.
नळावर नेऊन साबणाने धुतली. सकाळी सातला ग्राउंड.