बळवंतराव वाचले, सुतक फिटलं

दिग्रस, गुरुवार, १८ जानेवारी २००७

तीर्थस्वरूप मधुवंतीवहिनी यांस यज्ञेश्वरचा नमस्कार.

आपल्या भावकीतले बळवंतराव जिवंत आहेत. आज संध्याकाळी हबीबनं तसं जाहीर केलं, आणि या बाबतीत त्याच्या शब्दावर अपील नाही. सुतक संपलं. रविवारचं साकेतचं साक्षगंध ठरल्याप्रमाणे होऊ द्या, तुमच्या लेकाच्या बोटात अंगठी पडू द्या. (वर्तमानपत्राला बातम्या पाठवण्यात जन्म गेला, त्यामुळे मुख्य गोष्ट आधी लिहिली. आता रीतीनं विचारतो: तुमचे गुडघे कसे आहेत? दादांचा खोकला? बोरीला थंडी फार असेल, त्यात तुम्ही सुतकाची अंघोळ केली हे ऐकून जीव अर्धा झाला.) फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र कंडक्टर रामसिंगच्या हाती देतो आहे.

झालं असं. आमच्या ऋचानं दिवाळीत पुण्याहून एक खेळ आणला. त्यात पट नाही की सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं मनानं एक माणूस घडवायचा आणि खेळ चालवणारा सांगेल त्या जंगलांतून, गुहांतून त्याला न्यायचं. काही अवघड करायचं असेल तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. पोरगी आठवड्यात परत गेली, खेळ राहिला. यंदा कापसाची ही दशा, निम्म्या जिनिंग बंद, त्यामुळे आमच्या शेजारच्या हबीबच्या दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार भरून बांधायला येईनात. खेळ चालवायचं काम त्यानं घेतलं. खेळणारे आम्ही तिघं: मी, तुमची जाऊ रत्नप्रभा आणि हबीबची बायको शमसुन्निसाभाभी.

बाकीच्यांची माणसं तासाभरात तयार झाली. रत्नप्रभाची वैद्यबाई जखमी योद्ध्यालाही हातपाय धुतल्याशिवाय औषध देत नाही. भाभींची चोर फार सराईत आहे, पण कुलूप तोडून आत गेली की मालाचे पैसे ठेवून येते. अडलो तो मी. जन्मभर घडलेलंच लिहिलं, न घडलेला माणूस कुठून आणू? खेळाचं पुस्तक विचारतं, तुमच्या वीराचं कूळ कोणतं, गाव कोणतं, घर का सोडलं? मी आपलं ठाऊक होतं ते लिहिलं. नाव बळवंत, आडनाव आपलं, गोत्र आपलं, गाव बोरी अरब, थोरल्या काकांशी भांडून लहानपणीच परागंदा. (काकांशी न भांडलेला माणूस आपल्या घराण्यात शोभला नसता.) तलवार दिली खरी, पण ती त्यानं उपसलीच नाही. वेशीवर पहारेकरी दिसला की हा त्याचं नाव, वय आणि पगार विचारी. हबीब वैतागला. "भाऊ, लढाले आले का मुलाखत घ्याले?" पण पहारेकरी बोलते होत, दारं उघडत. शेवटी हबीबनंच बळवंतची तलवारविद्या कमी करून चौकशीविद्या वाढवली. संक्रांतीपर्यंत त्याला दोन राज्यांत मान होता. एवढा मान मला दिग्रसच्या बाजार समितीतही नव्हता.

सोमवारी तो गुहेतल्या अजगराला त्याचं मूळ गाव विचारायला गेला. फाशावर एक आला, सगळ्यांत वाईट आकडा. अजगरानं फूत्कार टाकला, बळवंत पडला. मी सवयीनं अर्ध्या तासात मृत्युलेख लिहिला. तो वाचून रत्नप्रभा रडली, आणि त्याच भरात तिनं तुम्हाला फोन केला की आपला बळवंत गेला. खेळाचं तिनं तुम्हाला दिवाळीत सांगितलं होतं, तुम्ही ते विसरलात. यात कोणाची चूक मी काढत नाही. पण तुम्ही सुतक धरलंत, आणि साक्षगंध पुढे ढकलल्याचा निरोप दारव्ह्याला मुलीकडच्यांना पाठवलात. ते लोक म्हणाले, नेमका आत्ताच कोण मेला? नसेल करायचं तर सरळ सांगा.

काल मी फोनवर खरं सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाऊजी, थो होता का नव्हता, मले काय करायचं? मी मेला म्हणून सांगून बसली ना त्यायले! आता काय सांगू, जल्मलाच नव्हता?" ते ऐकल्यापासून मला घास गेला नाही.

मी सगळं हबीबच्या कानावर घातलं. तो म्हणाला, मेलेला माणूस उठवला तर खेळाला काय अर्थ. तेव्हा भाभी कडाडल्या, "काहून हो, नाडी पाह्यली होती का? की सीधा मय्यतच काढली?" पुस्तक उघडलं. नियम असा निघाला की पडलेला माणूस लगेच मरत नाही, त्याला आणखी एकदा फासा मिळतो. दहाच्या वर आला तर जीव वाचतो. तो फासा कोणी टाकलाच नव्हता! मी मृत्युलेखाच्या घाईत होतो.

फासा रत्नप्रभानं टाकला, साकेतचं नाव घेऊन. तो खाटेखाली गेला. आम्ही चौघंही, वयं विसरून, ओणवे झालो. सतरा! हबीब उठून म्हणाला, "बळवंतराव उठून बसले. पर ताकद नाही. दोन दिवस पेज द्या." भाभींनी सगळ्यांना शिरा केला.

तेव्हा दारव्ह्याला निःशंक कळवा की बातमी चुकीची होती, माणूस वाचला. यात एक अक्षर खोटं नाही.

दादांना नमस्कार, साकेतला आशीर्वाद.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. तुम्ही रत्नप्रभाला रडत रडत सांगितलंत की बळवंत लहानपणी तुमच्या लग्नात सात पुरणपोळ्या खाऊन मांडवात झोपला होता. वहिनी, मी त्याला दिवाळीनंतर घडवला. पण हबीबला हे इतकं पटलं की त्यानं ते बळवंतच्या गुणांत लिहून घेतलं.

ता. क. दुसरा. खरं काम हेच. आम्हाला चौथा खेळाडू हवा आहे, आणि तुमच्याइतकी तयारी आमच्यात कोणाची नाही. साक्षगंध झालं की आठ दिवस दिग्रसला या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच साकेतचा फोन आला. सतरा पडल्याबरोबर रत्नप्रभानं त्याला फोनवर सांगितलं होतं, आणि त्यानं तुमच्याआधीच दारव्ह्याला कळवलंय. मुलीचे वडील आनंदले, आणि रविवारी बळवंतरावांना भेटल्याशिवाय जेवणार नाहीत म्हणतात. आम्ही अकराच्या गाडीनं येतो. बळवंतराव कुठे आहेत असं ते विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्या, आम्ही मान डोलावू.