टाकीच्या झाकणाची चावी

हंचिनवाडी,
ता. १२ जून १९८४

चि. उपेंद्र यास,

तुझं पत्र काल पोचलं. तुझी लेक प्रमोदिनी सासरी रुळली हे वाचून बरं वाटलं. माझा गुडघा जसा होता तसाच आहे. इथे ढग येतात आणि निपाणीकडे निघून जातात. झाली ख्यालीखुशाली.

आता तुझ्या पत्राबरोबर आलेल्या कागदाबद्दल. चौकशीच्या अहवालाचा कच्चा मसुदा तू मला 'इंग्रजी एकदा नजरेखालून घाल' म्हणून पाठवलास. घातलं. स्पेलिंगच्या दोन चुका आहेत, त्या लाल शाईने सुधारल्यात. तिसरी चूक लाल शाईने सुधारण्यासारखी नाही. तू लिहिलंस: 'पंप ऑपरेटर भीमाप्पा कांबळे याच्या हयगयीमुळे बारा दिवस पाण्यात ब्लीचिंग पावडर पडली नाही.' पोलिसांत तक्रार करावी अशी शिफारसही आहे. अरे, लाज कशी वाटली नाही तुला!

हयगय कुणाची ते मोजू या का? तीन वर्षांपूर्वी तुझ्या खात्याने इथे टाकी बांधली, फीत कापली, फोटो काढले आणि जीपमध्ये बसून जे गेलात ते गेलात. पंप कसा चालवायचा याचं एक इंग्रजी चोपडं ठेवून गेलात. या गावात इंग्रजी वाचणारी मी एकटी! ट्रेनिंगला धारवाडला माणूस पाठवा असा कागद आला, तेव्हा चेअरमन मारुतीरावांनी आपला पुतण्या भावकू पाठवला. तो तीन दिवस जेवून, सिनेमा बघून आला. त्याचं सर्टिफिकेट पंचायतीत फ्रेम करून लावलंय आणि तो बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यात लागला. पंप चालवायला मग भीमाप्पाला धरला, कारण पहाटे चारला लाईट येते तेव्हा उठायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

त्याला शिकवलं मी. चोपड्याचं मराठी करून, पाटीवर. किती पाण्याला किती पावडर, कालवून निवळ कशी घ्यायची, शेवटच्या नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग कसा बघायचा. पिवळा आला तर पाणी चांगलं. सातवी शिकलेला माणूस, पण माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेटका विद्यार्थी मला चार-पाच वेळाच मिळाला असेल. शाळेमागच्या गटाराजवळ पाईप गळतोय म्हणून त्याने तुझ्या खात्याला तीन अर्ज केले. तिन्ही मी लिहून दिले. फिटर आला नाही. पंप बंद झाला की त्या भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, हे तुला इंजिनीयर असून सांगायला नको. रोजची पावडर होती म्हणून गाव तगून होतं.

अहवालात हे काही नाही. कुलपाचंही नाही. कुलपाचं तू का लिहिलं नाहीस ते मला ठाऊक आहे.

कुलूप माझ्या सांगण्यावरून बसलं. पोरं झाकण उघडून आत दगड टाकत होती, म्हणून. पण चावी भीमाप्पाकडे का नाही? त्या दिवशी मारुतीराव माझ्या ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, बटन त्यानं दाबू दे की, आमची काय ना न्हाय. पन झाकन उघडून आत वाकतोय त्यो. लोकं बोलायलीत."

मी म्हटलं, "काय बोलायलीत? तो बौद्ध आहे म्हणून?"

"आता तुमीच बोललासा, मी न्हाय. माझं काय न्हाय हो त्यात. चावी तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. तुमच्या देखत उघडंल, तुमच्या देखत लावंल. मग कुनाचं तोंड उघडायचं न्हाय."

मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. मी चावी घेतली. वर तुला साजूक इंग्रजीत पत्र लिहिलं, की टाकीच्या सुरक्षिततेसाठी चावी एका जबाबदार व्यक्तीकडे राहील. तू मंजुरी दिलीस, शाबासकीही दिलीस. दोन वर्षं रोज सकाळी सातला मी टाकीखाली छत्री घेऊन उभी राहायची आणि तो माझ्या देखत शिडी चढायचा. मला वाटायचं मी त्याला सांभाळून घेतेय. खरं तर मी पहारा करत होते. त्याच्यावर.

सोळा मेला मी प्रमोदिनीच्या लग्नाला बेळगावला आले. चावी पर्समध्ये. विसरले, हे खरं. पण विसरण्यावर सगळं ढकलता येत नाही, कारण एकोणीस तारखेला भीमाप्पा दारात आला होता. तुला आठवतं. तूच वर येऊन म्हणालास, "आक्का, तुझा पाणीवाला आलाय." दोन बस बदलून आला होता. मी जिन्यातूनच बोलले, हातात प्रमोदिनीचा हिरवा चुडा होता.

तो म्हणाला, "बाई, तीन दिस झालं, पावडर न्हाय. चावी दिलासा तर संध्याकाळपातूर जातो."

पर्स आतल्या खोलीत होती. दहा पावलं. पण चावी त्याच्या हातात गेली तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं, की बाईंनी शब्द मोडला. त्या बोभाट्याला मी भ्याले. म्हणाले, "सोमवारी येतेच आहे मी. दोन दिवसांनी काय होतंय? जेवून जा."

तो जेवला नाही. आणि मी सोमवारी गेले नाही. सत्यनारायण झाला, मग मांडवपरतणी, मग तू म्हणालास राहा गं आठ दिवस. अठ्ठावीसला आले तेव्हा अंगणवाडीत सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. त्रेचाळीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी. मालुबाईची सून सोनुबाई त्याच्या दोन दिवस आधी गेली होती. बावीस वर्षांची. तिचं तान्हं आता शेजारणी पाळीपाळीने पाजतात.

तू म्हणशील, कुलूप फोडायचं. मीही त्याला ओरडून हेच विचारलं. तो म्हणाला, "फोडलं असतं तर पैल्यांदा माझंच टकुरं फोडलं असतं, बाई." गाव तुला ठाऊक आहे. उत्तर बरोबर आहे.

सात तारखेला तू शाळेत चौकशीला बसलास. मी पहिल्या बाकावर होते. तू त्याला विचारलंस, पावडर का टाकली नाहीस? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चूक झाली साहेब." तूही माझ्याकडे बघितलं नाहीस. आणि मी, जी बाई तीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून छड्या मारत होती, पदर नीट करत बसले. तू मला वाचवलंस असं तुला वाटत असेल. शिवाय तुझी मंजुरी फाईलमध्ये आहे, तीही आपसूक वाचली.

नंतर मी त्याच्या घरी गेले. पहिल्यांदाच, हेही लिहून ठेवते. त्याने रोजची वही काढून माझ्या हातात दिली. तारीख, पंपाचे तास, रंग. पिवळा, पिवळा, पिवळा. सतरा मेपासून प्रत्येक ओळीत, रंग नाही, चावी बाईंकडे. एकोणीस तारखेच्या ओळीत, बेळगावला जाऊन आलो. ही वही चौकशीत का नाही दाखवलीस, विचारलं. म्हणाला, "माझ्या पोरीला तुमी शिकिवलासा. तुमचं नाव कचेरीत कशाला?"

उपेंद्र, एवढं होऊनही मी चार दिवस गप्प होते. आज सकाळी टाकीकडे गेले. सर्टिफिकेट आहे म्हणून भावकूला परत बोलावून नेमलंय, चावीही त्याच्याच हातात दिलीय. तो वर झाकणाशी पावडरीची पिशवी घेऊन उभा होता, तशीच कोरडी ओतायला निघाला होता. आणि खाली, कामावरून काढलेला भीमाप्पा मान वर करून ओरडत होता, "आरं भावकू, आदी बादलीत कालव रं! गाळ बसू दे! वरची निवळ तेवडीच वत!" बिनपगारी. गावाच्या पोटात नासकं पाणी जाऊ नये म्हणून. तिथून थेट घरी येऊन हे पत्र लिहायला बसले आहे.

एकवीस तारखेला, गुरुवारी, तू अहवालावर शेवटची सुनावणी ठेवली आहेस. मी येणार आहे. वही घेऊन, आणि मंजुरीच्या पत्राची कार्बन प्रत घेऊन. फाईलमधली प्रत गहाळ करण्याचे कष्ट घेऊ नकोस. भीमाप्पाला मी सांगितलंय. तो नको म्हणाला. मी त्याची परवानगी मागितलेली नाही. त्याची नोकरी परत मिळेपर्यंत आणि ती तक्रारीची शिफारस खोडली जाईपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही. मारुतीराव माझ्या घरचं पाणी बंद करतील. करू देत. नोकरीत तुझं काय होईल ते होवो. माझं काय होईल तेही. प्रमोदिनीला तू स्वतः आधी सांग. तिच्या लग्नघरातून तो माणूस रिकाम्या हाताने परत गेला, हे तिला परक्याकडून कळायला नको.

गुरुवारी मला तिथे आक्का म्हणू नकोस. नाव विचार, वय विचार, शपथ घ्यायला लाव, आणि मी सांगेन ते सगळ्यांसमोर तुझ्या हाताने लिहून घे.

कल्याणी