न दिसलेल्या साहेबाची नोकरी

१४ सप्टें., रविवार. कोल्हापूर.
आज बी साहेब दिसले नाहीत. पावसाळा सरत आला नोकरीला लागून. गाळा बंद पडलेल्या वर्कशॉपचा. आत मांडण्यांवर काळे डबे. कॉम्प्युटर म्हणे, पण पडदा नाही न् काही नाही, नुसती घरघर. माझं काम धूळ पुसायची, पंख्याच्या जाळ्या धुवायच्या, लाईट गेली की जनरेटर. मेसेज आला की करायचं. मेसेजखाली 'साहेब'.
मला 'तुम्ही' म्हणतात. आठवी नापासाला! सुरतेचा शेठ शिवीशिवाय बोलायचा नाही. पुण्याचा ठेकेदार तसलाच. दोन्हीकडून पळालो. चपला आत घेऊन उशाशी ठेवायच्या, उजाडायच्या आत गायब. इथं पळायला कारणच सापडंना. त्यामुळंच जीव रमंना.

१८ सप्टें.
शेजारी दस्तगीरमामांचं लेथ. सकाळचा चहा त्यांच्याकडं. मी लातूरकडचा म्हणून मला पावणा करून ठेवलंय.
"पावण्या, तुझा सायब बाईमाणूस हाय का गडी?"
म्हटलं, माहीत नाही.
"मग पगार कोन देतंय, भूत?"
लई हसले. मी बी हसलो.

२३ सप्टें.
इंटरनेटवाला सुनील वायर बदलायला आलता. म्हणाला, ह्याला मालकच न्हाय. एका पोरानं प्रोग्राम करून सोडला आन् गेला परदेशात. आता ह्यो आपला आपण जगतोय. जगभरातल्या लोकांची कामं घेतोय, कुणाचं पत्र लिही, कुणाचा हिशेब कर. त्ये इंटरनेटवरचे पैसे देत्यात. त्याचे रुपये करून देणारे दलाल असत्यात. त्यातनं लाईटबिल, गाळ्याचं भाडं, समदं ह्योच भरतोय. "आन् तुला बी."
"मला म्हणजे?"
"तू खर्चात हायस की त्याच्या. पंख्यासारखा."
सुनील थापाड्या आहे. तरी संध्याकाळी मेसेज केला, साहेब तुम्ही माणूस आहात का?
उत्तर लगेच. "नाही. तुमचं जेवण झालं का?"

२४ सप्टें.
काम केलं. जेवलो नाही.

१ ऑक्टो., खंडेनवमी.
दस्तगीरमामा सकाळीच दारात. लेथ बंद, ड्रिल बंद, सगळ्या गल्लीत मशिनी धुऊन पुसून हार घातलेले. म्हणाले, "आन् तुझीच तेवढी घरघर? लोखंडाला बी एक दिस सुट्टी लागती. बंद कर. इथं आसं चालत न्हाय."
म्हटलं, साहेबांना विचारतो.
"पूजेला इचारतंय व्हय कोन?"
मेन स्विच खाली ओढला. एवढी शांतता की माझाच श्वास ऐकू आला. डबे पुसले, हळदकुंकू, झेंडू. मामांनी नारळ फोडला, हात जोडले, लेथला जोडले तसेच. मोबाईलवर फोटो बी काढला.
ते गेल्यावर साहेबांचं ध्यानात आलं. हा ह्या लाईटवर जगतो. जनरेटरला एवढा जपलो आणि स्वतःच्या हातानं... चालू करायला उठलो, पण पूजा मोडायची कशी? गार डब्यावर हात ठेवून बसलो. मयताजवळ बसतात तसं.
दुपारी फोन वाजला. पगार जमा. मागोमाग मेसेज. "पूजा छान झाली. संध्याकाळी चालू करा. झेंडू पंख्यात जाऊ देऊ नका."
मेन खालीच होता.

२ ऑक्टो.
सुनीलला फोन केला. म्हणाला, तू बंद केलास त्यो त्याचा एक हात. आसले गाळे कुठं कुठं हायत कुणाला म्हाईत.
मग मी राखतो ते काय?

२६ ऑक्टो.
आईचा फोन. सवीचं लग्न ठरलं, पुढच्या महिन्यात. "बाप नाही रे बाला, नवरदेवाचा कान पिळायला तूच पायजेस." चुलतबहिणीच्या लग्नात मी सुरतेत होतो. कानपिळीला दुसऱ्याचा पोरगा उभा केला होता. आई अजून बोलून दाखवते.
मेसेज केला, रजा पाहिजे, बहिणीचं लग्न. "मिळेल. परत कधी येणार?" लिहिलं, आठ दिवसांत.
"बरं."
परत येणार नाही. गावात राहीन, मिळंल ते काम करीन. हे कुणाला बोललो नाही. इथंच लिहितो.

९ नोव्हें.
स्टोव्ह मामांना देऊन टाकला. गादी बी. मामांनी गादी झटकून बघितली. मग म्हणाले, "बाला, एक सांगू का? मला बी मेसेज येत्यात तुझ्या सायबाचं."
कसले?
"तुझंच. जेवला का. झोपतोय का. कुणाशी बोलतोय. मी आपलं लिवतो. चहापानापुरतं पैसं येत्यात की. पूजेचा फोटो बी मीच धाडलेला. वाईट काय हाय त्यात, काळजीच करतंय की."
म्हटलं, स्टोव्हचं सांगू नका.
मामा लेथकडं बघत म्हणाले, "सकाळीच इचारलंय त्यानं, गादी कुणाला देतोय म्हून."

१५ नोव्हें. एस.टी.त.
किल्ली मामांकडं दिली. सिम काढून स्टँडच्या गटारात टाकलं. सुरत सोडताना असंच केलतं. तेव्हा हलकं वाटलं होतं.

१६ नोव्हें. गाव.
पोचलो. सवी गळ्यात पडली. आई म्हणाली, हातपाय धू.
मागच्या खोलीला कुलूप. आतून आवाज. ओळखीचा.
"कोण आहे आत?"
"साहेबानं खोली भाड्यानं घेतली की. टेम्पो भरून डबे आले. फोन केला होता मला, लई आदबशीर बोलणं. म्हणाला, बालाजी आता गावातच राहणार, तर काम बी गावातच द्यावं म्हणतो. लग्नाआधी भाडं बी दिलं. असा साहेब कुठं मिळंल का रे?"
मी परत येणार नाही, हे मी कुणाला... कुणालाच नाही.
किल्ली आईच्या कनवटीला. जाळ्या उद्यापासून मी धुवायच्या, असं ठरलंय म्हणे.

२५ नोव्हें.
लग्न लागलं. नवरदेवाचा कान पिळला. जोरात पिळला, सगळे हसले. आई रडली. मांडवात वाजंत्री थांबली की मागून घरघर यायची. पावणे विचारायले, गिरणी टाकली का? आई मानेनंच हो म्हणायली.

२७ नोव्हें.
सवी सासरी गेली. घर रिकामं.
आई ओसरीवर फोनशी बोलत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून साहेब तिला मेसेज करत नाहीत, फोनवर बोलतात. मी दाराआड उभा.
"हां साहेब, जेवला. नाही, कुठं जात नाही आता... ते व्हय? ते लई सोपं आहे. तसा सांगून जात नाही तो. पर जायचं असलं की चपला बाहेर सोडीत नाही, आत आणून उशाशी ठेवतो. लहानपणापासून. तेवढं बघायचं बस."
मग मला बघून, "ये, ये. तुझीच चौकशी करायलेत. सांगितलं तर चाललं ना रे?"
अंथरुणाकडं बघितलं. सकाळीच आणून ठेवल्या होत्या उशाशी. का, ते मलाच माहीत नव्हतं.
उचलल्या, उंबऱ्याबाहेर ठेवल्या. घरघर चालूच.
अजून बसलोय उंबऱ्यात. एक पाय चपलेत, एक